सहा पट्ट्यांची वाघर

म्हाळसाच्या उजव्या मांडीवर वीतभर जागा अशी होती, की तिथं केस उगवायचा नाही आणि डास चावलेला कळायचा नाही. घायपाताची पानं डबक्यात कुजवायची, दगडावर बडवायची, धुऊन त्यांचा पांढरा वाख काढायचा आणि मग लुगडं गुडघ्यावर सारून त्या मांडीवर दोरी वळत बसायचं, हे सतरा-अठरा वर्षं चाललेलं. शेळगावच्या बायका म्हणायच्या, "म्हाळसे, तुजी मांडी न्हाय, रहाट हाय." ती म्हणायची, "मंग घाला की जरा वंगान. नुसत्या बगत काय बसलाय?"

त्या दोरीची ती वाघर विणायची. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायचं जाळं. परक्याला ते कुंपण वाटावं; पण कुंपण एका जागी म्हातारं होतं, आणि वाघर दर दोन दिवसांनी जागा बदलते. ज्याच्या रानात मेंढरं बसतात त्याच्या रानाला लेंडी-मुताचं खत मिळतं आणि बसवणाऱ्याच्या घरात ज्वारी येते. म्हाळसाच्या घरची वाघर सहा पट्ट्यांची होती. एकेक पट्टी चौदा हात लांब, दोन्ही टोकांना खुंटात अडकवायचे फास, आणि मधे जाळं खाली बसू नये म्हणून विणलेल्या बारक्या काठ्या.

ती लावायची रीत तिला सासूनं शिकवली होती. सासू छबूबाई. बोलायला फटकळ आणि शिकवताना त्याहून फटकळ. आधी एक खुंट मधे. त्याला पट्टीएवढीच चौदा हात दोरी. ती ताणायची, टोकाशी पहिला बाहेरचा खुंट. त्या खुंटाला पट्टीचं एक टोक अडकवायचं, दुसरं टोक फिरवत मधल्या दोरीच्या टोकाला जुळवायचं, तिथं दुसरा खुंट. मग तिसरा. असं करत फिरलं की सहावी पट्टी बरोबर पहिल्या खुंटाला येऊन भिडायची, बोटभर कमी नाही की बोटभर जास्त नाही.

नवी नवरी असताना म्हाळसानं एकदा आळस केला. दोरी-बिरी काही न लावता नुसती पट्टीला पट्टी जोडत गेली. सहाही बाजू सारख्याच, तरी वाघर भाकरीगत गोल व्हायच्या ऐवजी चेंगरलेल्या चपलेसारखी झाली. छबूबाई कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"पट्ट्या समद्या सारख्याच हायती की आत्ती," म्हाळसा म्हणाली.

"पट्ट्या सारख्या असून भागतंय व्हय? कोपरं बी सारखं पायजेत. बाजंची चार लाकडं जागच्या जागी असत्यात, तरी बाज कलतीया का न्हाय? मधला खुंट समद्यास्नी सारखाच लांब पायजे. न्हायतर एका अंगाला मेंढरू पाय पसरतंय आन दुसऱ्या अंगाला गुदमरून मरतंय."

मग जरा थांबून म्हातारी म्हणाली, "घरात बी त्येच हाय. पर त्ये तुला सांगून काय उपेग. तू आजून ल्हान हाईस."

म्हातारी गेली तेव्हा धाकटा दीर म्हस्कू नऊ वर्षांचा होता. म्हाळसानं त्याच्या डोक्यातल्या उवा काढल्या, त्याच्या गोवरात उशाशी बसली, त्याच्या लग्नात वरमाईच्या जागी मिरवली. आपलं पोर झालं नाही याचं दुःख तिला होतंच. पण म्हस्कूनं ते फार दिवस रिकामं बसू दिलं नाही.

चौऱ्याण्णव सालच्या फाल्गुनात त्यांचं पाल कळंबला गंगारामरावांच्या रानात पडलेलं होतं. गंगारामराव साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर वजनकाट्यावर उसाच्या गाड्या मोजल्या आणि आता स्वतःच्या चार एकरांत काय काय करावं याचे बेत मोजत होते. खोपीत बाबासाहेबांची तसबीर, दोरीला टांगलेला रेडिओ आणि चहाचं भांडं. पाल पडलं त्याच दिवशी त्यांनी दोघे भाऊ आणि दोघी जावा, चौघांना बोलावून चहा पाजला. म्हस्कूच्या बायकोला, फुलाला, तिच्या आईनं कुणाकुणाच्या घरी पाणी प्यायचं नाही याची मोठी यादी देऊन सासरी धाडलं होतं. फुलानं दोन कप चहा प्याला आणि यादी तिथंच संपली.

"नव्वद मेंढरं, वीस दिवस," गंगारामराव म्हणाले होते. "सगळं रान सारखं काळं झालं पाहिजे. मग दोन पोती ज्वारी तुमची. आमच्या घरच्या शाळूची, कीड लागलेली नाही."

दोन पोती ज्वारी म्हणजे पाऊस पडेपर्यंतची भाकरी. पहिले सहा दिवस सुरळीत गेले. दर दोन दिवसांनी वाघर पुढे सरकायची आणि मागे रानात एक काळा सहाकोनी चट्टा राहायचा. असे तीन चट्टे झाले. गंगारामराव सकाळी दात घासत त्यांच्याभोवती फेरी मारायचे आणि खुशीत थुंकायचे.

सातव्या दिवशी घर फाटलं.

कशावरून फाटलं हे आज विचाराल तर चौघं चार कारणं सांगतील. फुला सांगेल, दुधावरून. म्हस्कू सांगेल, मला ट्रॅक्टर शिकायचा होता आणि दादा म्हणाला, मेंढरामागं कोण तुझा बाप फिरणार? बिरदेव, म्हाळसाचा नवरा आणि म्हस्कूचा थोरला भाऊ, आधी आभाळाकडं बघेल आणि मग म्हणेल, आता जाऊ द्या ते. म्हाळसा एवढंच म्हणेल, "घर ल्हान झालं न्हवतं. मानसं मोठी झाली हुती."

वाटणी करायला शेळगावहून दत्तोबा तात्या आले. भावकीतले वडीलधारे, मिशा इतक्या मोठ्या की बोलताना ओठ दिसत नसत, त्यामुळे ते काहीही बोलले तरी न्यायच वाटायचा. पंचेचाळीस मेंढरं इकडं, पंचेचाळीस तिकडं. पातेली, घोंगड्या, पखाल, सगळं निम्मं. कुत्रं मात्र वाटता आलं नाही. ते दोन्ही चुलींवर जेवू लागलं आणि महिन्याभरात जाड झालं.

"वागर किती पट्ट्याची?" तात्यांनी विचारलं.

"सा."

"मंग तीन-तीन. ह्यात इचारायचं काय?"

आणि खरंच कुणी काही विचारलं नाही. निम्म्या मेंढरांना निम्मी वाघर. हिशेब इतका सरळ होता की म्हाळसालाही त्यात काही वावगं दिसलं नाही. तिनं आपल्या हातानं फास सोडवले, तीन पट्ट्या गुंडाळून फुलाच्या पुढ्यात ठेवल्या. फुलानं त्या उचलताना हलकेच वजन घेतल्यासारखं केलं. म्हाळसानं ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

त्या संध्याकाळी दोन वाघरी लागल्या, एकमेकींपासून पन्नास पावलांवर. तीन पट्ट्यांचं दुसरं काय होणार? तिकोन झाला. मधला खुंट नाही, दोरी नाही. पट्ट्यांची टोकं जुळवली की काम झालं. म्हाळसाला वाटलं, चला, तेवढीच मेहनत वाचली.

मग मेंढरं आत घालायला लागले. तीस गेली. पस्तीस गेली. पुढची दारात अडली. बिरदेव मागून ढकलतोय, म्हाळसा पुढून शिंग धरून ओढतेय, आतली कोकरं बें बें करत आयांच्या पायांत. शेवटची पाच तर पोत्यात कापूस दाबावा तशी दाबली. पट्ट्या फुगल्या, काठ्या करकरल्या. एकही मेंढरू बसलं नाही. बसायला जागाच नव्हती.

"माजली हायती," बिरदेव म्हणाला.

"येका दिसात?" म्हाळसा म्हणाली.

सकाळी गंगारामराव दात घासत आले ते थुंकायचं विसरूनच उभे राहिले. एवढ्याशा तिकोनात लेंड्यांचा ढीग, मुताचा चिखल, आणि बाकी रान कोरडं ठणठणीत.

"बिरदेवराव, ही काय तऱ्हा? मी रानाला खत मागितलं, तुम्ही रानाला गळू आणलंत."

"पयलाच दिस हाय. बसत्याल सवयीनं."

"सवय मेंढरांना लागेल. माझ्या रानाला कशी लागणार?"

दुसऱ्या दिवशीही तेच. रात्रभर उभी राहिलेली मेंढरं दिवसा चरायच्या ऐवजी बांधाच्या सावलीत मटकन बसायची. दूध आटलं. बिरदेव जेवताना भाकरीकडं बघत म्हणाला, "एक इचारू का?"

"इचारा की."

"म्हस्कूला तू मोठ्या पट्ट्या दिल्यास का?"

म्हाळसाच्या हातातला घास तसाच राहिला. "मोठ्या?"

"न्हाय म्हंजी... तुजा जीव हाय त्याच्याव. कुनाला बी वाटंल, आयीच्या मायेनं दिल्या आसत्याल. मी काय रागवत न्हाय."

"तुमी रागवत न्हाय," म्हाळसा म्हणाली. "लई उपकार झालं."

तिनं त्या दिवशी त्याला दुसरी भाकरी वाढली नाही. त्यानंही मागितली नाही.

चौथ्या दिवशी सकाळी फुलाच्या किंकाळीनं सगळे धावले. म्हस्कूच्या वाघरीच्या कोपऱ्यात, जिथं दोन पट्ट्या टोकाला येऊन अरुंद होतात तिथं, एक पांढरं कोकरू चेंगरून पडलं होतं. आठ दिवसांचं. नाकाशी फेस. त्याची आई त्याला खुरानं हलवत होती, जणू ऊठ, उन्हं आली म्हणत.

म्हस्कूनं कोकरू उचललं. ते आणून म्हाळसाच्या पायाशी ठेवलं. जोरात नाही, अगदी सावकाश.

"वयनी," तो म्हणाला, "पट्ट्या किती हाताच्या हायत्या?"

"चवदा."

"आमच्या बी?"

"सम्द्या चवदा. मीच इनल्यात न्हवं?"

"त्येच म्हनतोय मी. तुमीच इनल्यात."

फुला मागून म्हणाली, "आक्कांच्या पट्ट्या आधीच निराळ्या करून ठेवल्या आसत्याल. आमी काय, आमी परवाच्या आल्याली. आमास्नी काय ठावं कुठली पट्टी कवाची."

"फुले, तोंड सांबाळ!" बिरदेव ओरडला, पण त्याच्या ओरडण्यात दम नव्हता. तिकोनाकडं बघून त्यालाही वाटत होतं, कुठंतरी काहीतरी गेलंय खरं. फक्त तो धाकट्याच्या बाजूला शोधत होता आणि धाकटा थोरल्याच्या. आणि दोघांच्या मधे म्हाळसा उभी होती, मांडीवरच्या त्या वीतभर कातडीसकट.

दत्तोबा तात्यांना पुन्हा बोलावणं गेलं. दुपारी सायकलच्या कॅरिअरवर बसून ते आले. गंगारामरावांच्या रानात, उन्हात, दोन्ही वाघरी सोडून सहाही पट्ट्या शेजारी शेजारी अंथरल्या. तात्यांनी हातानं मोजल्या. मग गंगारामरावांनी टेप आणला, त्यानं मोजल्या. म्हाळसाला बाजूला उभं केलं होतं. कुणी तसं सांगितलं नव्हतं. पण तिला पट्टीला हात लावू द्यायचा नाही हे सगळ्यांनी न बोलता ठरवलं होतं. पदर डोक्यावर घेऊन ती उभी राहिली. रस्त्यानं जाणाऱ्या एका बैलगाडीवाल्यानं गाडी थांबवून विचारलं, "काय चोरी झाली का?" तो बराच वेळ थांबला.

सहाही पट्ट्या सारख्या भरल्या.

"मंग सातवी आसंल," फुला म्हणाली.

"सातवी?"

"दोन्हीकडं कमी पडतंय म्हनल्याव मधली कुठं गेली? एक पट्टी ज्यादा आसंल आन ती..."

तात्या मिशांवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "म्हाळसाबाय, मनात काय ठिवू नका. येकदा बोचकं दाखवा. संशव जाईल."

बिरदेव काहीतरी बोलेल म्हणून तिनं वाट बघितली. तो जमिनीवर काडीनं रेघा मारत होता.

तिनं पालातून बोचकं आणलं आणि स्वतःच्या हातानं सोडलं. दोन लुगडी, एक फाटकी चोळी, छबूबाईचे चांदीचे वाळे, म्हस्कूचं लहानपणीचं झबलं, हळदीची पुडी. एवढंच. झबलं बघून म्हस्कूनं तोंड फिरवलं. वारा आला आणि चोळी उडून पट्ट्यांवर जाऊन पडली. ती फुलानं उचलून दिली.

गंगारामराव खाकरले. "हे बघा, तुमच्या घरातलं मला काही बोलायचं नाही. पण उद्या सकाळपर्यंत रान नीट बसणार असलं तर बसवा. नाहीतर बावड्याचा एक कळप परवा विचारून गेलाय. मी त्याला निरोप देतो. माणूस वाईट नाही मी, पण उन्हाळा तोंडावर आलाय."

सगळे पांगले. तात्या खोपीत आडवे झाले. भाऊ दोन दिशांना मेंढरं चारायला गेले. म्हाळसा पट्ट्यांपाशी राहिली. आता तिला कुणी हात लावू नको म्हणत नव्हतं; गरज संपली होती.

दोन पट्ट्यांचे फास उसवले होते, एकीच्या काठ्या मोडल्या होत्या. ती दुरुस्त करायला पट्टी ताणून बांधायला हवी, आणि त्यासाठी खुंट ठोकायला हवेत. रान तापून दगड झालेलं. तिच्या अंगात त्राण नव्हतं. रडावं असंही वाटत नव्हतं. नुसतं हाताला काम हवं होतं. तिनं इकडं तिकडं बघितलं. घर फाटण्याआधीचा शेवटचा काळा चट्टा समोरच होता. त्याच्या कडेनं सहा खुंटांची भोकं अजून तशीच उघडी, आणि मधे सातवं. नवी भोकं पाडायची कशाला? तिनं एक खुंट मधल्या भोकात सोडला. एक कडेच्या. एक त्याच्या शेजारच्या. तिन्ही पट्ट्या अडकवल्या.

पट्ट्या ताठ ताणल्या. ना ढील, ना कमी. तिन्ही भोकांत तिकोन असा बसला, जसं उखळात मुसळ.

म्हाळसा सुईदोरा हातात घेऊन तशीच उभी राहिली. तिच्यापुढं तिची आताची वाघर होती, चार दिवस मेंढरं गुदमरवणारी. आणि ती जुन्या चट्ट्याच्या पोटात एका अंगाला पडली होती, भाकरीतून तोडलेल्या घासासारखी. उरलेली भाकर पलीकडं तशीच.

तिनं एक खुंट उपसून पुढच्या भोकात टाकला. तिकोन फिरला, पुन्हा तसाच बसला. दुसरा. तिसरा. चौथा. उन्हात घाम डोळ्यांत उतरत होता. पाचवा. सहावा. आणि ती पुन्हा पहिल्या भोकाशी आली.

ती मटकन खाली बसली. मग पदर तोंडाला लावून हसली. किती दिवसांनी हसली ते तिलाच कळलं नाही, आणि हसता हसता तिला हुंदका आला.

उन्हं कलल्यावर तिनं सगळ्यांना बोलावलं. तात्या झोपेतून उठून आले, गंगारामराव चहाचा कप घेऊन. भावांनी मेंढरं दूर बांधावर थांबवली होती. म्हाळसा मधल्या खुंटापाशी उभी होती. तिला कुणासमोर बोलायची सवय नव्हती. पण आज बोचकं सोडून झालं होतं, आणखी काय सुटायचं राहिलं होतं?

"म्हस्कू, तुज्या तीन पट्ट्या आन. हितं लाव. मधल्या भोकाला एक कोपरा, ह्या दोन भोकांला दोन."

म्हस्कूनं बायकोकडं बघितलं, मग लावल्या. बसल्या.

"ही तुजी वागर. व्हय का न्हाय?"

"व्हय."

"आता ह्याच्या शेजारी ह्यो तिकोन आमचा." तिनं आपल्या पट्ट्या लावल्या. दोन तिकोन एकाच चट्ट्यात, एकमेकांना कड लावून. "तुजा एक. आमचा एक. नव्वद मेंढरं आता हेवढ्यात. आन पयली कुठवर बसत हुती? बग."

तिनं हात फिरवला. दोन तिकोनांच्या पलीकडं सुकलेल्या लेंड्यांचा काळा चट्टा अर्ध्याहून जास्त मोकळा पडला होता.

"ह्ये मोज."

म्हस्कू पावलं टाकत गेला. भोकापासून भोकापर्यंत. "एक... दोन... तीन... चार." तो थांबला. "चार तिकोन."

"ह्ये चार तिकोन कुनी चोरलं?"

गंगारामरावांचा चहा गार होत होता.

"बोल की. माज्या बोचक्यात न्हवतं. तुज्या दादानं खाल्लं न्हाय. फुलीनं म्हायेराला धाडलं न्हाय. पट्ट्या साच्या सा हायत्या. मंग चार तिकोन गेलं कुठं?"

तात्या पुढं आले, मिशा चाचपत. त्यांची वाटणी चुकली हे त्यांना पटत नव्हतं. "मदी वाकवून बगा की. पट्टीला मधोमध खुंट ठोका. तीन पट्ट्यांचं बी सा कोपरं हुत्याल."

"बगा," म्हाळसा म्हणाली.

म्हस्कूनं बघितलं. प्रत्येक पट्टी मधे वाकवून सहा कोपरे केले, सात हातांची दोरी घेऊन मधला खुंटही धरला. गोल झाली वाघर, देखणी झाली. पण लहान झाली. बिरदेवनं बांधावरून म्हस्कूची पंचेचाळीस मेंढरं हाकत आणली. तिकोनापेक्षा बरी मावली. बाविसेक बसली, बाकीची बसलेल्यांच्या अंगावर पाय देऊन उभी.

"निम्मी बसली," तात्या म्हणाले.

"निम्म्याची निम्मी," गंगारामराव म्हणाले. त्यांनी कप खाली ठेवला, चट्ट्याभोवती एक फेरी मारली, काठीनं एक एक भोक टोचत. "वा! पस्तीस वर्षं मी काटा केला, दत्तोबाराव. वाटणीत वजन कधी घटत नाही. निम्मं-निम्मं केलं की निम्मं-निम्मंच भरतं. हे पहिल्यांदा बघतोय. पट्ट्या वाटल्या, आणि मधली जागाच नाहीशी झाली."

"मला वाटलं..." बिरदेव म्हणाला आणि थांबला. आपल्याला काय काय वाटलं होतं ते मोठ्यानं सांगण्यासारखं नव्हतं.

"तुमाला वाटलं त्ये मला ठावं हाय," म्हाळसा म्हणाली. "पर आता मेंढरांला काय वाटतं त्ये बगा."

गंगारामरावांनी काठी जमिनीत रोवली. "मग माझंही ऐका. चुली दोन करा, चार करा, मला देणंघेणं नाही. माझ्या रानात वाघर एकच लागेल. कबूल असेल तर बावड्याला निरोप जात नाही."

फुला मेलेल्या कोकराच्या आईकडं बघत होती. ती मेंढी अजून कोपऱ्यात वास घेत हिंडत होती. "दूध आपलं आपलं काडायचं," फुला म्हणाली, कुणाकडं न बघता. "वागर येक आसूं दे."

"कान कापून खुणा करा," तात्या लगेच म्हणाले. "कुनाचं कुठलं ते कळंल." आपलीही काही वाटणी त्यात राहिली याचं त्यांना बरं वाटलं असावं. संध्याकाळची एसटी धरायला ते निघाले, आणि निघताना म्हाळसाला एकदम म्हणाले, "बाय, वागर कुनी शिकवली तुला?"

"आत्तींनी."

"छबू व्हय. ती बी आशीच हुती. मला येकदा भर बैठकीत गप केल्यालं तिनं." आणि ते खुशीत हसले, जणू त्या अपमानाची त्यांना वीस वर्षं आठवण येत होती.

त्या रानात आता ऊस असतो. पाटाचं पाणी आलं, बांध सरकले, त्यात कुणी मेंढरू बसवत नाही. म्हस्कू पुढं दोनच वर्षांनी ट्रॅक्टरवर बसला, आणि त्याची मेंढरं फलटणच्या बाजारात गेली. पण ती दोन वर्षं वाघर एक राहिली. दोन चुलींचा धूर वेगळा निघायचा आणि वाघरीवर येऊन एक व्हायचा. म्हाळसा म्हणते, आयुष्यात सगळ्यात गाढ झोप तिला त्या दोन वर्षांत लागली. शेजारी नव्वद मेंढरं रवंथ करत असली की माणसाला झोप येतेच, यात नवल काय, असं बिरदेव म्हणतो. त्याला अजून सगळंच कळतं असं नाही.

तर त्या संध्याकाळी दिवस मावळायला हातभर असताना नव्या जागी वाघर लावायची होती. बिरदेव दोन्ही कळप एक करायला गेला. फुला पट्ट्या उलगडत होती. म्हाळसाच्या हातात दोरी, म्हस्कूच्या हातात पहार. मधला खुंट बसला. पहिला बसला, दुसरा बसला. बोलणं एवढंच, "जरा हिकडं", "हां", "आनि वाईच." तिसऱ्या जागी खाली मुरूम लागला. पहार टणटण वाजली, भोक वीतभरच पडलं. खुंट हलायला लागला.

"वरनं ठोकायला लागंल," म्हस्कू म्हणाला. त्यानं पहार टाकली, खाली उकिडवा बसला आणि दोन्ही हातांनी खुंट घट्ट धरला. "मारा."

म्हाळसानं बाभळीची मोगरी उचलली. "हात काड. मी धरते, तू मार."

"न्हाय. तुमीच मारा."

"बोटाव बसंल, म्हस्कू. उजेड कमी झालाय."

"बसू द्या."

ती त्याच्याकडं बघत राहिली. तो वर बघत नव्हता. त्याची मान खाली होती, कानामागं मळ, खुंटाभोवती आवळलेली पांढरी पडलेली बोटं. माफी मागायची असते हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. शिकवायचं तर तिनंच शिकवायला हवं होतं, आणि तिला स्वतःला ते कधी आलं नव्हतं.

तिनं मोगरी वर नेली आणि मारली. खुंटाच्या डोक्यावर, मधोमध. त्याचे हात हलले नाहीत.

"आनि एक," तो म्हणाला.

तिनं मारली.

"आनि."

पाचव्या तडाख्याला खुंट मुरमात शिरला आणि गच्च बसला. म्हस्कूनं तो हलवून बघितला. हलला नाही. मग त्यानं नाक बाहीला पुसलं, चौथा खुंट खांद्यावर घेतला आणि रानाच्या मोकळ्या अंगाला चार पावलं जाऊन थांबला.

"वयनी," तो म्हणाला, "ह्यो कुठं?"

म्हाळसानं दोरी ताणली, फिरवली, टोकाशी पायाच्या अंगठ्यानं खूण केली.

"हितं," ती म्हणाली.